चाकातली हवा गेली तर

मुलांनो, सायकल पंक्चर झाली तर तुम्ही काय करता? खाली उतरता आणि सायकल हातात धरून दुकानापर्यंत नेता. पण भरधाव मोटारीच्या चाकातली हवा एकदम गेली तर? आणि जवळपास दुकानच नसेल तर?

कॅनडात असे होऊ शकते. हा देश क्षेत्रफळाने जगात दुसरा आहे. पण तेथील वस्ती विरळ आहे. तेथे ७,००० किलोमीटरांहून लांब असा ट्रान्स-कॅनडा महामार्ग आहे. त्याचे उद्घाटन १९६२ साली झाले. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला या रस्त्याच्या दुतर्फा घनदाट जंगल लागते. तेथे एका गावापासून दुसरे गाव फार दूर असते. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. थंडीमुळे टायरमधल्या हवेचा दाब कमी होतो. म्हणून निघण्यापूर्वी हवा तपासावी लागते. गाडीत विजेरी आणि उबदार कपडेही ठेवावे लागतात.

समजा, अशा रस्त्यावर टायर फुटला. मोठा आवाज होतो. गाडी एका बाजूला ओढू लागते. घाबरून जोरात ब्रेक दाबावासा वाटतो. पण तसे करणे धोक्याचे असते. हवा गेलेले चाक नीट फिरत नाही. ते गाडीला आपल्याकडे खेचते. त्यातच ब्रेक दाबला, तर गाडी गर्रकन वळते, कधी उलटतेही. म्हणून शहाणा चालक स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढतो. वेग आपोआप कमी होतो. मग तो धोक्याचे दिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला, सपाट व टणक जागी उभी करतो. कॅनडात वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तेथे उजव्या कडेला. आपल्याकडे डाव्या कडेला.

आता चाक बदलायचे. चालक हँडब्रेक ओढतो. गाडी घरंगळू नये म्हणून दुसऱ्या चाकाला दगड लावतो. मग पान्याने चाकाचे नट थोडे सैल करतो. हे काम चाक जमिनीवर असतानाच करायचे. आधी गाडी उचलली, तर पान्याबरोबर चाकच फिरेल! नंतर तो जॅक लावून गाडी उचलतो, नट काढतो आणि स्टेपनी बसवतो. नट समोरासमोरचे आवळतो, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. गाडी खाली उतरवल्यावर तो सगळे नट पुन्हा घट्ट करतो. जॅक निसटू शकतो, म्हणून उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही.

तुम्ही गाडी चालवत नाही. तरी अशा वेळी तुम्हालाही काम असते. आरडाओरडा करू नका. मोठ्यांनी सांगितल्यावर, वाहने जातात त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा. रस्त्यापासून दूर उभे राहा. गाडीच्या मागे किंवा पुढे थांबू नका. चाक कसे बदलतात हे पाहायचे असेल, तर लांबूनच पाहा.

कडेला पुरेशी जागा नसेल आणि वाहने वेगाने जात असतील, तर चाक बदलूच नये, मदत मागवावी. उशीर झाला तरी चालेल. टायर नवा मिळतो, जीव मिळत नाही.