शह आणि चेक

दिवाळीच्या सुट्टीत भाची आजोबांबरोबर, म्हणजे माझ्या बाबांबरोबर, बुद्धिबळ खेळायला बसली होती. तिने उंट तिरका सरकवला आणि म्हणाली, "चेक." बाबांनी मध्ये प्यादे घातले, चार खेळ्यांनंतर घोडा उचलून ठेवला आणि म्हणाले, "शह." तिला ते खटकले. "आजोबा, चेक म्हणतात!" "आमच्या वेळेपासून शहच म्हणतात," बाबा पटावरून नजर न काढता म्हणाले. मी शेजारी बसून ऐकत होतो. दोघेही एकच शब्द बोलत होते.

इंग्रजीतला 'चेक' म्हणजे फारसीतला 'शाह', राजा. त्याच्याही मागे गेले की प्राचीन इराणी भाषेतला 'क्षायथिय' भेटतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दरायसने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला याच शब्दाने राजांचा राजा म्हणवतो. पुढचा 'शाहंशाह' तिथलाच. त्यातला 'क्ष' बघितला की आपला कान टवकारतो, आणि तो बरोबरच असतो: संस्कृतातले 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' याच कुळातले. म्हणजे बाबांचा शह फारसीतून मराठीत आला हे खरे, पण त्याचे दूरचे चुलते आधीपासून इथे नांदत होते.

चतुरंगाचा खेळ भारतातून इराणात गेला आणि 'चत्रंग' झाला. अरबांनी त्याचे 'शतरंज' केले. समोरच्याच्या राजावर चाल करताना खेळाडू 'शाह!' असे बोलून दाखवत. राजा सांभाळा, एवढाच त्याचा अर्थ. ही सूचना हळूहळू त्या चालीचेच नाव बनली. अरबांबरोबर खेळ स्पेन-सिसिलीपर्यंत पोहोचला. युरोपीय जिभेला शेवटचा 'ह' पेलला नाही, तिथे 'क' आला. लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि पुढचा 'ए' गळून इंग्रजीत 'चेक'. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' हे खेळाचे नाव निघाले. म्हणजे इंग्रजांनी अख्ख्या खेळालाच 'अनेक शह' असे म्हटले.

'चेकमेट'मधला 'मेट'ही आपल्या ओळखीचा आहे. तो 'मात'. शाह मात. राजा मेला, असा त्याचा अर्थ अरबी 'माता' या क्रियापदावरून सर्रास सांगितला जातो. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, कुंठित. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथे संपतो. हतबल हाच शब्द तिथे चपखल बसतो. मराठीने तर मात पटावरून उचलून थेट संसारात आणली. आजारावर मात, दुष्काळावर मात, परिस्थितीवर मात. रोजच्या वर्तमानपत्रात हा शब्द असतो आणि तो बुद्धिबळातला आहे हे आपल्या मनातही येत नाही.

आता खरा प्रश्न. राजावरच्या हल्ल्याचा शब्द 'तपासणे' या अर्थापर्यंत गेला कसा? उत्तर खेळाच्या नियमातच आहे. शह बसला की बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. वजीर कुठे निघाला होता, प्यादे किती घरे पुढे गेले होते, काही चालत नाही. आधी राजा सोडवायचा. या अडण्यावरून इंग्रजीत 'चेक' म्हणजे अटकाव झाला, मग लगाम, वचक. अमेरिकी राज्यघटनेच्या चर्चेत संसद, अध्यक्ष आणि न्यायालय एकमेकांवर जो चेक ठेवतात, तो हा. आणि ज्याला अडवले त्याची झडती आलीच. तपासनाक्यावर गाडी आधी थांबवतात, मग कागद बघतात. सतराव्या शतकात 'पडताळून पाहणे' हा अर्थ इंग्रजीत रुळत गेला. मराठी शह अटकावापर्यंत त्याच्या बरोबरीने आला. शह-काटशहाचे राजकारण आपण रोज वाचतोच. तपासणीच्या वाटेला मात्र तो गेला नाही.

दुसरी वाट पटाच्या घरांवरून गेली. उभ्या-आडव्या चौकड्यांच्या कापडाला चेक्स म्हणतात ते बुद्धिबळाच्या पटावरून. आणि अशाच एका कापडावर इंग्लंडचा खजिना मोजला जात होता.

बाराव्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता रिचर्ड फिट्झनील. त्याने आपल्या खात्याचे कामकाज गुरू-शिष्याच्या संवादातून लिहून ठेवले आहे, आणि त्यामुळे ती खोली आज डोळ्यांपुढे उभी करता येते. दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. भोवती चार बोटे उंच कड, वर ठेवलेले काही घरंगळू नये म्हणून. त्यावर काळे कापड, कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, विसा, शेकडे, हजार. एका बाजूला खजिनदार आणि समोर परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. (मुंबईच्या नगरपालाला इंग्रजीत शेरीफ म्हणतात, ते याच पदावरून.) हिशेबनीस देणे असलेली रक्कम सोंगट्यांनी वरच्या ओळीत मांडायचा, भरलेली खालच्या ओळीत, आणि एकेक सोंगटी उचलत वजाबाकी करायचा. रोमन आकड्यांत वजाबाकी कागदावर करणे जिकिरीचे. सोंगट्या मात्र अक्षरशत्रू शेरीफालाही समोर दिसत. या मेजाचे नाव पटावरूनच पडले, आणि खजिनदार व शेरीफ यांच्यात तिथे जणू झुंज चालते, असे फिट्झनीलच सांगतो. लॅटिनमध्ये पटाला 'स्काकारियुम' म्हणत. त्याचेच इंग्रजीत 'एक्सचेकर' झाले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतात.

पावती कागदाची नसे. लाकडाच्या काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक फाक पैसे भरणाऱ्याकडे आणि दुसरी खजिन्यात. पुढे तंटा झाला तर दोन फाका जुळवायच्या. खाडाखोड लगेच उघडी पडे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. बंद झाल्यावर साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहे खाक झाली.

दोन फाकांची कल्पना मात्र कागदावर टिकली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खजिन्याच्या रोख्यांचा जो तुकडा मागे ठेवून घेत, त्याला 'चेक' म्हणू लागले, कारण त्याच्याशी ताडून लबाडी पकडता येई. ते नाव मग मागे राहणाऱ्या तुकड्यावरून हातात जाणाऱ्या कागदावर सरकले. एक्सचेकरच्या वजनाने त्याच्या शेपटीला ब्रिटिशांनी 'क्यू यू ई' जोडले. अमेरिकेने साधे 'चेक'च ठेवले. आपण त्याला 'धनादेश' म्हटले. शब्द डौलदार आहे आणि मी तो वापरतोही, पण त्यात फक्त धन आहे आणि आदेश आहे. ताडून पाहण्याची, म्हणजे या कागदाच्या जन्माची गोष्ट त्यात राहिली नाही. चेक 'वटला' म्हणताना मराठी कितीतरी जिवंत वाटते.

बाबांनी बँकेत पस्तीस वर्षे चेक पास केले. खेळ संपल्यावर (भाची हरली) त्यांना सोसायटीचा चेक लिहायचा होता. खुर्ची ओढून ते आधी डावीकडची अरुंद पट्टी भरू लागले: तारीख, नाव, रक्कम. चेक अजून कोराच होता. भाची वाकून बघत होती.

"हे कशाला लिहायचं? हे तर आपल्याकडेच राहणार ना?"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "उद्या चेक करता आलं पाहिजे."