संधिवातज्वर आणि हृदयाच्या झडपा : एकवीस दिवसांचे पथ्य

हृदयविकार म्हटला की पन्नाशी उलटलेला गृहस्थ, छातीतील कळ आणि अँजिओप्लास्टी हेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. परंतु आमच्या हृदयरोग विभागात शाळकरी मुले येतात, तशाच पहिल्या गरोदरपणातच दम लागू लागलेल्या तरुण स्त्रियाही येतात. त्यांचा विकार रक्तवाहिन्यांचा नसून झडपांचा असतो आणि त्याचे मूळ बहुधा बालपणी दुर्लक्षिलेल्या घसादुखीत असते.

स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो. वेळीच योग्य प्रतिजैविक मिळाले तर प्रश्न तेथेच मिटतो. तसे न झाल्यास काही मुलांना, विशेषतः ५ ते १५ वर्षे या वयात, दोन-तीन आठवड्यांनी संधिवातज्वर होतो. जंतूंशी लढण्यास सज्ज झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. गुडघे, घोटे असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. ती सूज काही दिवसांत ओसरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र अनेकदा राहून जाते. ज्वर पुन्हा उद्भवला की ती वाढते. झडपा जाड होतात, अरुंद होतात किंवा गळू लागतात.

हे पुढील हल्ले रोखणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन साधारणतः दर २१ दिवसांनी घ्यावे लागते. हृदयास इजा झालेली असल्यास ते किमान १० वर्षे किंवा वयाच्या २५व्या वर्षापर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तोवर चालते. विकार गंभीर असल्यास त्याहूनही पुढे. युगांडामध्ये ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या उपायाचे मोल पुन्हा सिद्ध केले. या मुलांत कोणतेही लक्षण नव्हते. विकाराची सुरुवात केवळ इकोकार्डिओग्राफीत आढळली होती. दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा विकार वाढला. नियमित इंजेक्शन देण्यात आलेल्या गटात हे प्रमाण ०.८ टक्के होते.

झडप बिघडल्यानंतरही उपचार आहेत. अरुंद झालेली मायट्रल झडप फुग्याने रुंद करण्याचे तंत्र जपानचे डॉ. कानजी इनोवे यांनी १९८२ मध्ये प्रथम वापरले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम बसविण्यात आली. तथापि धातूची कृत्रिम झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी. शस्त्रक्रियेनंतर पेनिसिलीनही आपल्या मनाने थांबवून चालत नाही.

खरी अडचण येथेच आहे. मूल हसते-खेळते दिसते, इंजेक्शन दुखते, रुग्णालयाच्या फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते आणि एस. टी.चे भाडे वेगळे पडते. मुलीच्या बाबतीत, पुढे लग्न जमताना बोभाटा नको, म्हणून आजार लपविला जातो. मग तारखा चुकतात आणि चुकलेल्या तारखांची किंमत झडपेला मोजावी लागते. झडप अरुंद असलेल्या स्त्रीवर गरोदरपणी वाढलेल्या रक्ताचा भार पडतो व जिवावर बेतू शकते. म्हणून लग्नानंतर, बाळाचा विचार करण्यापूर्वीच, हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, इंजेक्शनचे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपावे, पुढची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहावी आणि मूल ठणठणीत दिसले तरी ती चुकवू नये. देणगीदार व विश्वस्तांसमोर आम्ही एवढेच मांडू इच्छितो : शस्त्रक्रियेस दिलेल्या साहाय्याचे फळ डोळ्यांना दिसते, टळलेली शस्त्रक्रिया मात्र कोणालाच दिसत नाही. एखाद्या मुलाचे प्रवासभाडे, तारीख चुकल्यावर त्याच्या घरी जाणारा समाजसेवक आणि शाळेतील वेळेवर झालेली तपासणी या गोष्टींना नावाची पाटी लागत नाही. परंतु कित्येक कोवळी हृदये त्यांच्याच आधारावर शाबूत राहतात.