ऑस्करचे पिल्लू पाळताना

दुकानातील टाकीत जेमतेम २ इंचांचे दिसणारे ऑस्कर माशाचे पिल्लू अनेकांना मोह घालते. मात्र, दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा शिकारी मासा वर्षभरात १० इंचांच्या आसपास वाढतो आणि नीट निगा राखल्यास १० वर्षांहून अधिक जगतो. म्हणूनच एका माशासाठीही किमान अडीचशे ते तीनशे लिटरची टाकी हवी.

पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. मांसाहारी माशांसाठी मिळणारे दाणेदार खाद्य हा मुख्य आहार असावा. जोडीला गांडुळे व सोललेली कोळंबी चालते. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस महागात पडते. त्यांच्याबरोबर रोग टाकीत शिरतात. शिवाय त्यांच्यातील थायमिनेज हे विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते.

खादाड मासा पाणीही लवकर दूषित करतो. विष्ठा व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे टाकी आधीच तयार करावी. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. मात्र नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे.

मासा डोईजड झाला म्हणून त्याला तलावात वा नदीत सोडणे ही भूतदया नव्हे. हा परका शिकारी स्थानिक माशांच्या पिलांवर ताव मारतो. मोठ्या टाकीची सोय नसेल, तर ऑस्कर घरी न आणणेच श्रेयस्कर.