वारशाची नोंदवही: भोपाळच्या टेकड्यांपासून कुशावतीच्या काठापर्यंत

भोपाळ शहराच्या पूर्वेला, रायसेन रस्त्यावर आनंद नगर ही वसाहत आहे. सांची आणि रायसेनकडे जाणारी वाहने याच भागातून पुढे निघतात. पर्यटकांच्या यादीत आनंद नगरचे नाव नसते. तरीही पुरातत्त्वीय स्थळांची नोंद म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी अशी जागा उपयोगी ठरते. सांचीचा स्तूप कोणी विसरत नाही. शहराची कड पुढे सरकते, शेताचे भूखंड होतात, टेकडीला रस्ता पोहोचतो, तेव्हा तेथे आधी काय होते हे सांगणारा कागद असतो की नसतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

भोपाळच्या भोवतीचा पन्नासेक किलोमीटरचा टापू या दृष्टीने विलक्षण आहे. ईशान्येला सांचीचे स्तूप, पूर्वेला रायसेनचा किल्ला, दक्षिणेच्या बाजूला परमार राजा भोजाच्या काळातील भोजपूरचे अपूर्ण शिवमंदिर आणि त्याहून पुढे भीमबेटकाचे चित्रित प्रस्तराश्रय. शहरातल्या श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयाच्या आवारातही प्रागैतिहासिक चित्रे असलेले प्रस्तराश्रय आहेत. एवढ्या दाट वस्तीच्या आणि एवढ्या दीर्घ इतिहासाच्या प्रदेशात केवळ प्रसिद्ध स्थळांची यादी पुरत नाही. तेथे नोंदवही लागते. यादी आणि नोंदवही यांतील फरक याच प्रदेशातील एका उदाहरणाने स्पष्ट होतो.

नाव होते, नोंद नव्हती

भीमबेटकाचे नाव १८८८ सालीच छापून आले होते. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या प्राचीन तलावाविषयी लिहिताना स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे या जागेचा उल्लेख केला. मात्र तो उल्लेख बौद्ध स्थळ म्हणून होता. नाव कागदावर आले, पण स्थळाचे स्वरूप चुकले, आणि सुमारे सत्तर वर्षे ती टेकडी अभ्यासकांच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हती.

१९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात असताना त्यांना खिडकीतून या खडकांची रचना दिसली. नीमच येथे जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी असलेले हे मराठी पुरातत्त्वज्ञ स्वतः चित्रकारही होते. स्पेन व फ्रान्समधील चित्रित गुहांच्या परिसराशी असलेले साम्य त्यांनी ओळखले. पुढे ते पायी तेथे पोहोचले आणि प्रागैतिहासिक मानवाच्या वस्तीचे व चित्रकलेचे एक मोठे दालन उघडले.

शोधाची ही कथा अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतरचे काम मात्र फारसे सांगितले जात नाही. या परिसरात सातशेहून अधिक प्रस्तराश्रय आहेत. त्यांपैकी २४३ एकट्या भीमबेटका समूहात आणि १७८ लाखा जुआर समूहात मोडतात. ‘मोठ्या झाडामागची गुहा’ अशा वर्णनाने एवढ्या जागा ओळखता येत नाहीत. म्हणून टेकड्यांना रोमन क्रमांक, टेकडीवरील समूहांना अक्षरे आणि प्रत्येक आश्रयाला स्वतंत्र अंक देण्यात आला. ‘तीन एफ-२३’ म्हटले की तिसरी टेकडी, म्हणजे भीमबेटका, तिच्यावरील ‘एफ’ समूह आणि त्यातील तेविसावा आश्रय असा पूर्ण पत्ता मिळतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात याच आश्रयात उत्खनन केले. तेथे सापडलेल्या दगडी हत्यारांविषयी आज जगात कोठेही लिहिले गेले, तरी वाचणाऱ्याला ती नेमकी कोणत्या आश्रयातून आली हे कळते. २००३ साली भीमबेटकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या मानामागे चित्रांचे सौंदर्य होते, तसाच या क्रमांकांचा शिस्तबद्ध हिशेबही होता.

नोंदीत काय असावे

कोणत्याही प्रादेशिक नोंदवहीतील एक नोंद काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे देते. पहिला प्रश्न स्थळ कोठे आहे हा. गावाचे नाव पुरेसे नसते; अक्षांश-रेखांश, भूमापन क्रमांक आणि ओळखीच्या कायम खुणांपासूनचे अंतर लागते. दुसरा प्रश्न नावांचा. एकाच जागेला ग्रामस्थ एक नाव देतात, महसुली कागदावर दुसरे असते, जुन्या प्रवाशांच्या लेखनात तिसरे. ही सर्व नावे एकत्र नोंदली नाहीत, तर एकच स्थळ तीनदा मोजले जाते किंवा एकदाही सापडत नाही. गोव्यात कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांतील कागदपत्रे असल्याने ही अडचण अधिकच मोठी होते.

त्यानंतर येते वर्णन: मोजमाप, दगडाचा प्रकार, अंदाजे काळ आणि त्या अंदाजाचा आधार. छायाचित्रात मोजपट्टी व दिशा दिसली पाहिजे. जमीन कोणाची आहे, खाजगी, कोमुनिदादची, देवस्थानची की सरकारी, हेही लिहावे लागते, कारण संरक्षणाचा पुढचा मार्ग त्यावर ठरतो. शेवटी दोन गोष्टी अत्यावश्यक: पाहणीची तारीख आणि माहिती देणाऱ्याचा व नोंद करणाऱ्याचा उल्लेख. तारीख नसलेल्या नोंदीतून स्थळाची आजची अवस्था कळत नाही आणि मागच्या पाहणीनंतर किती झीज झाली हेही ठरवता येत नाही.

नोंद दुरुस्त करता येण्याजोगीही असावी. भीमबेटकाच्याच एका मोठ्या आश्रयाच्या छतावर सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा अवशेष सापडल्याचे २०२१ साली एका नामांकित शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. बातमी जगभर गेली. २०२३ साली अन्य अभ्यासकांनी पुन्हा पाहणी करून तो कुजलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा ठसा असल्याचे दाखवून दिले आणि मूळ अभ्यासकांनीही चूक मान्य केली. ही तपासणी शक्य झाली, कारण कोणत्या आश्रयात, कोणत्या जागी तो ठसा आहे हे निश्चित नोंदलेले होते. दुसऱ्याला तेथे जाऊन खात्री करून घेता येणे, ही चांगल्या नोंदीची खूण आहे.

हरवलेली स्मारके

नोंद अपुरी राहिली तर काय होते, याचा हिशेब देशासमोर आलेला आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात सांगितले की, प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर आढळली नाहीत. पुढील शोधात त्यांपैकी ४२ सापडली. उरलेल्या ५० पैकी १४ नागरीकरणात गेली, १२ जलाशयांखाली बुडाली आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. स्मारके न सापडण्याच्या कारणांत नेमक्या स्थानाची माहिती उपलब्ध नसणे, हेही एक कारण सरकारने संसदेपुढे सांगितले. २०२४ साली अशा १८ स्मारकांना संरक्षित यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. हरियाणातील मुजेसरचा कोस मिनार त्यांपैकी एक.

ही स्मारके कायद्याने संरक्षित होती. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा त्यांना लागू होता आणि २०१० च्या सुधारणेनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. परंतु शंभर मीटर कोठून मोजायचे, हेच ठाऊक नसेल तर मनाई कागदावरच राहते.

गोव्याचा हिशेब

गोव्यात केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत वीसेक स्मारके आहेत. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, आग्वादचा किल्ला, फोंड्याची साफा मशीद त्यांत येतात. १९७८ च्या राज्य कायद्याखाली आणखी पन्नासच्या आसपास स्मारके व स्थळे संरक्षित आहेत. गावोगावच्या वीरगळ, सतीशिळा, गजलक्ष्मीच्या शिळा, पडकी मंदिरपीठे, जुन्या तळ्या आणि कोरीव लेणी विचारात घेतल्या, तर या दोन्ही याद्या म्हणजे वारशाचा लहानसा भागच होय. संरक्षित घोषित होणे ही कायदेशीर प्रक्रिया आहे आणि ती दीर्घ चालते. केंद्रीय कायद्यात अशा घोषणेपूर्वी हरकतींसाठी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते. नोंद मात्र घोषणेची वाट पाहत नाही. ती आजही करता येते आणि घोषणेचा पहिला आधार तीच असते.

वेळेवर झालेल्या नोंदीचे मोल कुर्डीने दाखवून दिले आहे. साळावली धरणाच्या जलाशयात हे गाव बुडाले. मे महिन्यात पाणी ओसरले की गावाच्या जोत्यांवर जुने रहिवासी आजही एकत्र येतात. तेथील महादेवाचे प्राचीन मंदिर मात्र पाण्याखाली गेले नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते दगड-दगड सुटे करून सुमारे १७ किलोमीटर अंतरावर, धरणाच्या परिसरात पुन्हा उभारले. या कामाला कित्येक वर्षे लागली. मंदिर असे हलवायचे तर प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा लागतो आणि त्याची जागा आराखड्यावर दाखवावी लागते. अन्यथा उरतो तो केवळ दगडांचा ढीग. कुर्डीतीलच जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवता वेर्णा येथे हलवण्यात आली. देशातील जी १२ स्मारके जलाशयांखाली गेली, त्यांच्या आणि कुर्डीच्या महादेवाच्या भाग्यातील अंतर येथे ध्यानात येते.

दुसरे उदाहरण कुशावती नदीच्या काठचे. सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळावर कोरलेल्या शंभरहून अधिक आकृती आहेत: बैल, हरणे, मानवाकृती आणि प्रसिद्ध चक्रव्यूह. गाळाखाली दडलेल्या या कातळाची माहिती ग्रामस्थांना होती. अभ्यासकांपर्यंत ती १९९३ साली पोहोचली. येथेही भीमबेटकाप्रमाणेच स्थानिकांचे ज्ञान आधीचे आणि शास्त्रीय नोंद नंतरची. युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्या नऊ स्थळांत आठ महाराष्ट्रातील आणि एक गोव्यातील हेच स्थळ आहे. त्या यादीत ते फणसमाळ या नावाने येते. ज्याच्या हाती केवळ उसगाळीमळ हे नाव आहे, त्याला ती यादी वाचून आपल्या शेजारचा कातळ ओळखता येईलच असे नाही. पर्यायी नावे एकाच नोंदीत का हवीत, याचे याहून जवळचे उदाहरण नाही.

त्याच यादीतील राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा कातळशिल्पांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत ठामपणे मांडता आला. रत्नागिरीतील हौशी अभ्यासकांनी गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत सडे पायाखाली घातले होते आणि शिल्पांची स्थाने नोंदली होती. निर्णय काहीही होवो, तेथे काय आहे हे सांगता येत होते.

ग्रामस्थांच्या हाती काय आहे

नोंदवहीचे काम खात्याच्या मोजक्या अधिकाऱ्यांवर सोपवून संपत नाही. शेतात नांगराला लागलेली मूर्ती, तळीच्या पायरीत बसवलेली अक्षरांकित शिळा, रस्ता रुंद करताना उघडी पडलेली जोती, हे प्रथम ग्रामस्थच पाहतात. अशा वेळी वस्तू न हलवता तिचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा परिचित आकाराची वस्तू ठेवावी, तारीख, वाडा आणि स्थानिक नाव लिहून ठेवावे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. कोरीव रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नये, दगड घासू नये. एका दुपारच्या हौसेने शतकांची कड झिजते. नेमके स्थान समाजमाध्यमांवर पसरवणेही टाळावे, कारण गुप्तधनाच्या लोभाने खणणारे तीच माहिती वाचतात. याच कारणास्तव सर्वांसाठीची माहिती आणि खात्याकडील नेमकी माहिती असे दोन स्तर नोंदवहीत ठेवणे योग्य ठरते.

एकदा लिहिलेली नोंदही पुन्हा उघडावी लागते. दर काही वर्षांनी त्याच जागी जाऊन, त्याच कोनातून छायाचित्र घेऊन, काय बदलले ते नव्या तारखेसह लिहावे लागते. जांभा दगड पावसाने झिजतो, नदीचा गाळ सरकतो, पायवाटेचा रस्ता होतो. आनंद नगरसारख्या वसाहती भोपाळभोवती वाढत आहेत, तशाच गोव्यातही पठारांवर आणि डोंगरउतारांवर घरे चढत आहेत. ती वाढ थांबवणे नोंदवहीच्या हाती नसते. एखाद्या भूखंडावर पहिली कुदळ पडण्यापूर्वी तेथे काय आहे, या प्रश्नाचे तारखेसह उत्तर देता येणे मात्र तिच्या हाती असते.