पास्तिश : काला आणि कस

जबलपूरच्या सराफ्यात दागिना कसोटीच्या दगडावर घासला जातो, तेव्हा 'यात तांबे आहे काय?' हा प्रश्न नसतो. काही मिसळल्यावाचून सोन्याचा दागिना टिकत नाही. प्रश्न असतो तो, किती मिसळले आणि किती सांगितले, हा. 'पास्तिश' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लावताना मला हा दगड फार उपयोगी पडतो.

फ्रेंचांनी हा शब्द इटालियन 'पास्तिच्चो'वरून घेतला. पास्तिच्चो म्हणजे कणकेच्या पारीत नाना जिन्नस भरून भाजलेले पक्वान्न. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रोजे द पील या चित्रमीमांसकाने, अस्सलही नव्हेत आणि निव्वळ प्रतीही नव्हेत, अशा चित्रांच्या संदर्भात हा शब्द चर्चिला. पुढे तो संगीतनाटकासही लागला. 1734 साली हँडेलने लंडनमध्ये 'ओरेस्ते' रंगभूमीवर आणले, ते बहुतांशी स्वतःच्याच जुन्या कृतींतील गाणी जुळवून!

खाद्याचे नाव कलेला मिळाले याचे आपणांस नवल वाटू नये. कोकणातील दशावतारी खेळास 'दहीकाला' म्हणतात. गोव्यात तर 'काला' हे नाट्यप्रकाराचेच नाव आहे. मात्र आपल्याकडे हे नाव कृष्णलीलेच्या आठवणीने आले, मिश्रणाच्या उपमेने नव्हे; हा भेद विसरता कामा नये.

पास्तिश म्हणजे विडंबन नव्हे. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मध्ये इतर कवींच्या लकबी उचलल्या आहेत त्या हसण्यासाठी. पास्तिशकाराला हसायचेच असते असे नाही. ते वाङ्मयचौर्यही नव्हे, कारण चोर उगम लपवितो.

आणि येथेच आपल्या नाट्यसंगीताचा खटला उभा राहतो. त्याच्या चाली उसन्या, असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. 1880 च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त साकी, दिंडी, कानडी चाली आहेत. 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याचा उत्तरेकडील बाज मराठी शब्दांवर चढविला. परंतु जुनी नाटकाची पुस्तके उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख बहुधा छापलेला आढळतो. ज्याने उसनवारीची नोंद स्वतःच पहिल्या ओळीत केली, त्याला चोर म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते. ती ओळ गाळून पद छापणाऱ्याला मात्र काही विचारावेसे वाटते.