निरंक आणि नोंद नाही

बँकेच्या प्रत्येक शाखेतून दरमहा वरिष्ठ कार्यालयाकडे जी विवरणपत्रे जातात, त्यांतील काहींवर केवळ एक शब्द लिहिलेला असतो : ‘निरंक’. कळविण्यासारखे काहीही घडलेले नसले, तरी तसे लिहून, सही-शिक्क्यानिशी कळवावे लागते. नवख्या कर्मचाऱ्यास हा कागदाचा अपव्यय वाटतो. वरिष्ठ कार्यालयाच्या दृष्टीने मात्र ‘निरंक’ कळविणारी शाखा आणि विवरणपत्रच न पाठविणारी शाखा यांत फार मोठे अंतर असते. पहिलीने तपासले आहे आणि काही आढळलेले नाही. दुसरीने तपासले की नाही, हेच कळण्यास मार्ग नसतो.

हा भेद संगणकाच्या पडद्यावर किती सहज पुसला जातो, हे समजण्यासाठी आपण प्रथम तामिळनाडूतील कुंभकोणम येथे जाऊ. कावेरीकाठचे हे मंदिरांचे नगर दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथे गेले. बडोदे संस्थानचे दिवाण म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेले सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली येथील तंजावरी मराठी कुटुंबात झाला. याच गावात १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. आज ती सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय अद्याप तेथेच आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेवर सायबर हल्ला झाला. परदेशी रकमा पाठविण्याचे संदेश ज्या ‘स्विफ्ट’ प्रणालीतून जातात, तिला जोडलेला प्रिंटर हल्लेखोरांनी ६ फेब्रुवारी रोजी निकामी केला, असे बँकेच्या वतीने नंतर सांगण्यात आले. परिणामी त्या सायंकाळी गेलेल्या बनावट संदेशांच्या पोचपावत्या बँकेस मिळाल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेस, हिशेबांचा ताळमेळ घेताना बँकेने न पाठविलेले तीन व्यवहार उघडकीस आले. एकूण रक्कम सुमारे २० लाख डॉलर. त्यांपैकी दुबईकडे निघालेले ५ लाख डॉलर न्यूयॉर्क येथेच अडविले गेले. उरलेल्या रकमा तुर्कस्तान आणि चीन यांच्या दिशेने गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतही स्विफ्टचा प्रिंटर असाच मुका झाला होता. तेथे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला पोहोचले. कुंभकोणमच्या कर्मचाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी ताळमेळात ही गोष्ट पकडली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

प्रिंटरवर कागद आला नाही, याचे दोन अर्थ होऊ शकतात : व्यवहार झाला नाही, किंवा व्यवहार झाला पण नोंद घेणारा जागेवर नव्हता. आपल्या संकेतस्थळाच्या पानापानावर असाच एक नोंद घेणारा बसविलेला असतो. त्याला ‘टॅग’ म्हणतात. ग्राहकाने एखादे पान उघडले की, पानात दडवलेल्या संगणकीय सूचनेच्या या चार-सहा ओळी त्याच्या ब्राउझरमध्ये जाग्या होतात आणि मोजणी करणाऱ्या दूरच्या यंत्रणेस ‘हे पान उघडले गेले’ असा संदेश धाडतात. नोव्हेंबर २००५ मध्ये गुगलने आपली ‘अॅनॅलिटिक्स’ सेवा विनामूल्य उपलब्ध करून दिल्यानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. कोणत्या कर्जाची माहिती किती जणांनी वाचली, अर्ज भरताना ग्राहक कोणत्या टप्प्यावर थांबला, हे सारे या संदेशांवरून कळते.

मात्र टॅग नसलेले पान संदेश पाठवीत नाही, आणि अहवालात ते पान एक तर शून्य भेटींचे दिसते किंवा मुळीच दिसत नाही. टॅग हरवण्याची कारणे अगदी साधी असतात. नवीन योजनेचे पान बाहेरच्या संस्थेकडून घाईने तयार करून घेतलेले असते. जुन्या विभागाचा साचा बदलताना त्या ओळी गळून पडतात. अर्ज भरण्याची व्यवस्था वेगळ्याच सर्व्हरवर असते. क्वचित उलटही घडते : एकाच पानावर दोन टॅग राहतात आणि एका ग्राहकाचे दोन होतात. गुगलने १ जुलै २०२३ पासून आपल्या सेवेच्या जुन्या आवृत्तीत नवी नोंद घेणे थांबविले, तेव्हा नवी व्यवस्था न पोहोचलेली पाने अशीच मुकी झाली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यांतील एक प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर इंग्रजी माहिती नेहमीच्या पानांच्या रूपात असते, तर प्रादेशिक भाषेतील माहितीपत्रके आणि अर्ज पीडीएफ स्वरूपात जोडलेले असतात. पीडीएफमध्ये हा टॅग चालत नाही. ज्या पानावर तिचा दुवा दिलेला आहे, त्या पानावरील टॅग फार तर ‘दुवा दाबला गेला’ एवढे नोंदवू शकतो. शोधयंत्रातून थेट पीडीएफवर आलेला ग्राहक कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. मग आढावा बैठकीत ‘मराठी अर्जास प्रतिसाद नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढील वेळी भाषांतराचा खर्च प्रथम कापला जातो. माझ्या मते मोजणीतील त्रुटींमध्ये ही सर्वांत अन्यायकारक, कारण जो मोजलाच गेला नाही त्याच्यावर तो नसल्याचा ठपका येतो.

यावर उपाय म्हणजे भेटी दाखविणाऱ्या डॅशबोर्डाशेजारी, टॅग कोठे आहे आणि कोठे नाही हे दाखविणारा दुसरा डॅशबोर्ड ठेवणे. त्यासाठी प्रथम सर्व पानांची यादी हवी. ती केवळ मोजणीच्या अहवालावरून करणे म्हणजे हजर विद्यार्थ्यांना विचारून पटावरील नावे लिहून काढण्यासारखे आहे. यादी संकेतस्थळाच्या नकाशावरून, दुव्यामागून दुवा उघडत जाणाऱ्या प्रोग्रॅमकडून आणि मुख्यतः सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीवरून करावी. सर्व्हर आपल्याकडे आलेल्या मागण्या टॅगची वाट न पाहता लिहून ठेवतो. त्याच्या नोंदींत शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्याही मिसळलेल्या असतात, त्या वगळाव्या लागतात; आणि काही ग्राहकांचे ब्राउझर टॅगला अडवितात, म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. तरीही सर्व्हर एखादे पान हजारदा दिले म्हणत असेल आणि टॅग शून्य सांगत असेल, तर कोणत्या बाजूस चौकशी करावयाची, हे ताळमेळाची सवय असलेल्या बँक कर्मचाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आता मांडणी. संकेतस्थळाचा प्रत्येक विभाग एक चौकट, तिच्यात पानांच्या लहान चौकटी, आणि चौकटीचा आकार सर्व्हरवरील मागण्यांच्या प्रमाणात, असा नकाशा मला सर्वांत बोलका वाटतो. पानांच्या संख्येवरून काढलेली टक्केवारी दिशाभूल करते. समजा, शंभरांपैकी ९४ पानांवर टॅग आहे. उरलेल्या सहांत गृहकर्ज अर्जाचे शेवटचे पान असेल, तर त्या ९४ टक्क्यांचा उपयोग काय? रंगांबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. भेटी कमी म्हणून फिकट निळा आणि मोजणीच नाही म्हणूनही फिकट निळा, असे होता कामा नये. न मोजलेल्या चौकटीस तिरप्या रेघा द्याव्यात, म्हणजे ‘निरंक’ आणि ‘नोंद नाही’ हे दूरूनही वेगळे दिसतील.

नकाशा संपूर्ण निळा व्हावा, हेही उद्दिष्ट नव्हे. ग्राहक पासवर्ड देऊन आत शिरल्यानंतरच्या पानांवर बाहेरच्या कंपनीचा टॅग नसणेच इष्ट. पानाच्या पत्त्यातून किंवा शीर्षकातून खात्याविषयीचा तपशील नकळत बाहेर जाऊ शकतो. अमेरिकेतील कैसर पर्मनेंटे या आरोग्य संस्थेला २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख व्यक्तींना सूचना द्यावी लागली, की तिच्या संकेतस्थळांवरील व अॅपमधील अशा साधनांमुळे त्यांची माहिती गुगल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांकडे गेली असण्याची शक्यता आहे. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा संमत झाला आहे. म्हणून नकाशात ‘येथे टॅग असू नये’ अशा पानांना वेगळा रंग द्यावा, आणि तेथे टॅग आढळल्यास तो गळालेल्या टॅगपेक्षाही गंभीर दोष मानावा.

या विषयास सध्या एक निमित्तही आहे. फसव्या संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून, बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले होते. या पत्त्यांची नोंदणी हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आली. घर बदलताना एखादी पेटी जुन्या घरी राहावी, तसे अशा स्थलांतरात काही विभाग मागे राहतात, कोठे टॅगला नवा पत्ता ठाऊक नसतो, तर कोठे जुन्या पत्त्यावरून आलेला ग्राहक नवखा म्हणून मोजला जातो. स्थलांतरानंतर भेटींचा आलेख घसरलेला दिसल्यास प्रथम रेघांच्या चौकटी वाढल्या आहेत काय, ते पाहावे. आणि मराठी अर्जाची चौकट रेघांनी भरलेली असेल, तर नांदेडच्या किंवा सांगलीच्या एखाद्या शाखेस दूरध्वनी करून, गेल्या महिन्यात किती ग्राहक तो अर्ज छापून, भरून घेऊन आले, एवढे काउंटरवर विचारावे.