कॉपीराइट सोडताना कागदावर काय लिहावं?

‘माझं पुस्तक कुणीही छापा’ एवढं लिहिलं की हक्क सुटला, असं समजू नये. ती फक्त परवानगी झाली. कॉपीराइट लेखकाकडेच राहतो आणि भारतात त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम २१ हक्क सोडण्याची वाट देतं: कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात नोटीस द्यावी किंवा जाहीर सूचना काढावी. हक्क सगळे सोडा, नाहीतर त्यांतले काही.

जर्मनीत मात्र कायदा लेखकाला कॉपीराइट सोडूच देत नाही. म्हणून २००९ मध्ये आलेल्या ‘सीसी झीरो’ या हक्कत्यागाच्या तयार मसुद्यात दुहेरी तजवीज आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते: आधी हक्कत्याग, तो कायद्यापुढे टिकला नाही, तर सर्वांना विनाअट, विनामोबदला परवाना. लेखकांनो, नुसतं ‘मुक्त’ लिहून थांबू नका. कोणते हक्क सोडले, ते नावानिशी लिहा.